त्या सूपमध्ये कॉर्नफ्लोअर नसतं हो!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नाताळच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही "थंडीच्या सुट्टीसाठी आयरिश पोटॅटो सूप" अशी रेसिपी छापली होती. मी ती इ-पेपरवर वाचली, नाईट ड्युटीच्या ब्रेकमध्ये, पहाटे तीनला, आणि इतकी चिडचिड झाली की तिथल्या तिथे लिहायला बसणार होते पण कुठल्यातरी खोलीची बेल वाजली आणि राहून गेलं. आता जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडलाय. उशीर झालाय मान्य, पण थंडी काही संपलेली नाही आणि ती रेसिपी अजून तशीच तिथे आहे, म्हणून लिहितेय.

मी आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात राहते. अकरा वर्षं झाली. एका नर्सिंग होममध्ये हेल्थकेअर असिस्टंट आहे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवणं, धुणंपुसणं, भरवणं, आणि मुख्य म्हणजे त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकणं. हे सूप मी या अकरा वर्षांत किती वाढलंय आणि किती भरवलंय त्याला गणती नाही, त्यामुळे या एका विषयावर मला बोलायचा थोडा हक्क आहे असं मी धरून चालते.

आधी किरकोळ गोष्ट. रेसिपीसोबतच्या फोटोत गुडघाभर बर्फ होता. इथे कॉर्कला तसा बर्फ क्वचित पडतो हो. इथली थंडी ओली आहे. तापमान पाच-सहा डिग्री, पण वारा आडवा आणि पाऊस त्याहून आडवा, छत्री उघडली की उलटी होते आणि मग माणूस छत्रीचा नाद सोडून देतो. कपडे वाळत नाहीत, हाडं वाळत नाहीत. डिसेंबरच्या शेवटी सकाळी साडेआठ वाजून गेले तरी उजाडत नाही आणि दुपारी साडेचारच्या आत पुन्हा काळोख. हे सूप त्या थंडीसाठी आहे, बर्फातल्या गोड फोटोसाठी नाही.

आणि "सुट्टी" म्हणाल तर २५ डिसेंबरला इथे बस नाही, ट्रेन नाही, देशभर सगळं बंद. ज्यांची ड्युटी असते त्यांनी काय करायचं तर चालायचं. यंदा माझी चोवीसची रात्र होती. सकाळी आठला हँडओव्हर दिला, बाहेर मिट्ट अंधार, पाऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडक्यांतून नुसते ख्रिसमस ट्रीचे दिवे लुकलुकतायत. ली नदीवरचा पूल ओलांडला आणि मग समरहिलची ती चढण, सेंट लूक्सपर्यंत, कॉर्कमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा ती चढण काय आहे ते. पन्नास मिनिटं चालले. बुटात पाणी. आणि अख्ख्या रस्त्यात डोक्यात एकच, घरी दोन लीक (पातीच्या कांद्यासारखी भाजी) आहेत, बटाटे आहेत, लोणी आहे. ट्रायफल नाही आठवलं, टर्की नाही आठवली. असं आहे ते सूप.

आता मुख्य तक्रार. तुमच्या रेसिपीत दोन चमचे कॉर्नफ्लोअर, एक पाकीट फ्रेश क्रीम, किसलेलं चीज आणि शेवटी "मिक्सरमधून गुळगुळीत करून घ्या" असं होतं, आणि वर "फक्त दहा मिनिटांत". संपादक महोदय, हे ऐकून आमच्या नर्सिंग होमची कुक खुर्चीतच बसली. मी तिला भाषांतर करून सांगितलं ना. ती साठीची बाई, गेली तीस वर्षं हेच करतेय, ती म्हणाली बटाट्याला घट्ट करायला पीठ घालायचं म्हणजे समुद्रात मीठ टाकायचं. आमच्याकडे घट्ट करायची पावडर असते, पण ती ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी, स्पीच थेरपिस्टनं सांगितलेल्या मापानं, ती गोष्टच वेगळी. धडधाकट माणसाच्या सूपमध्ये कशाला?

बटाट्यातच स्टार्च असतो, तोच सूप घट्ट करतो. फक्त बटाटा योग्य हवा आणि त्याला वेळ द्यायला हवा. इथे बटाट्याचे सरळ दोन गट, एक पिठूळ आणि एक मेणचट. मेणचट म्हणजे शिजवला तरी फोड अखंड राहते, सॅलडला चांगला. सूपला लागतो पिठूळ. इथे सगळीकडे मिळतो तो रूस्टर, लाल सालीचा, आतून पिवळसर, हा बटाटा इथलाच, कार्लो काउंटीतल्या ओक पार्कच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. जुनी माणसं मात्र केर्स पिंक किंवा गोल्डन वंडर मागतात आणि रूस्टरला नाकं मुरडतात. उकडल्यावर साल फाटून आतलं पांढरं फुललं की म्हणतात "बॉल्स ऑफ फ्लोअर", पिठाचे गोळे, आणि हे कौतुक बरं का. आमच्याकडे एक आजोबा आहेत, दुपारच्या जेवणात बटाटा आला की काट्यानं फोडून आधी निरखून बघतात, पिठूळ असेल तर मान डोलावतात, नसेल तर ताट बाजूला. नव्वदीचे आहेत, बाकी नातवाचं नावसुद्धा विसरतात.

तर मी कसं करते ते सांगते, चार माणसांचं. सहाशे ग्रॅम रूस्टर, दोन मध्यम लीक, एक कांदा, पन्नास ग्रॅम लोणी, एक लिटर पाणी किंवा स्टॉक, आणि शेवटी दीडशे मिली दूध. मीठ, मिरी, असली तर थाईमची एखादी काडी. बस. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा दांडगा भाऊ म्हणा, पण चव त्याच्यापेक्षा सौम्य आणि गोडसर. त्याचा दांडा पांढरा राहावा म्हणून शेतात त्याच्याभोवती माती चढवतात, त्यामुळे पापुद्र्यांच्या आत माती जाऊन बसते. उभा चिरा, पानं उलगडून नळाखाली धुवा, नाहीतर दाताखाली कचकच येते आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. हिरवा शेंडा टाकायचा नाही, कांद्याच्या सालीसोबत पाण्यात अर्धा तास उकळला की तोच स्टॉक. मी हॅम खात नाही म्हणून माझा स्टॉक हाच, आणि खरं सांगते काही कमी पडत नाही. बटाट्याच्या फोडी सेंटीमीटरभर, आणि चिरल्यावर धुवायच्या नाहीत! जो स्टार्च आपल्याला हवाय तोच धुऊन टाकायचा आणि मग कॉर्नफ्लोअर शोधत बसायचं, हा कुठला हिशोब.

आता जी पायरी तुमच्या रेसिपीत नव्हतीच ती. लोणी जाड बुडाच्या पातेल्यात वितळवायचं, फेस आला की लीक, कांदा, बटाटा, मीठ सगळं एकदम घालून नीट हलवायचं, लोणी सगळ्याला लागलं पाहिजे, आणि मग लोण्याचं जे रिकामं कागदी वेष्टन असतं ना, तेच थेट भाजीवर दाबून बसवायचं, वर झाकण, आणि गॅस अगदी बारीक. याला इथे "स्वेट करणं" म्हणतात, भाजीला घाम फुटू द्यायचा. दहा ते पंधरा मिनिटं. लाल होऊ द्यायचं नाही, करपवायचं तर मुळीच नाही, भाजी आपल्याच वाफेत मऊ होते आणि कांद्याचा उग्रपणा जाऊन गोडवा येतो. कॉर्क काउंटीतच शानागॅरी नावाचं गाव आहे, तिथे मर्टल अॅलन नावाच्या बाईंनी १९६४ मध्ये आपल्या राहत्या घरात, बॅलीमलू हाऊसमध्ये, रेस्टॉरंट काढलं, आयरिश घरगुती स्वयंपाकाला मान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांचं सूपचं साधं माप इथे पुष्कळांना पाठ असतं, एक भाग कांदा, एक भाग बटाटा, तीन भाग कुठलीही भाजी आणि पाच भाग स्टॉक. म्हणजे बघा, इतर भाज्यांच्या सूपलाही घट्टपणा आणायचं काम बटाट्याकडेच! आणि तुम्ही बटाट्याच्या सूपमध्ये कॉर्नफ्लोअर घालताय.

त्यानंतर गरम स्टॉक ओतायचा, गार नाही. पंधरा मिनिटं उकळू द्यायचं, फोड चमच्यानं दाबली की विरघळली पाहिजे. मग मॅशर घ्यायचा आणि पातेल्यातच अर्धवट चेचायचं, अर्धं गुळगुळीत अर्धं जाडसर. मिक्सरच्या भांड्यात टाकून घरघर फिरवलंत तर बटाट्यातला स्टार्च सगळा सुटतो आणि सूपचा डिंक होतो, चमचा वर उचलला की तार येते, मी स्वतः पहिल्या वर्षी केलंय हे, पाच लिटर, फेकावं लागलं आणि कुकनं दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. अगदीच हौस असेल तर हँड ब्लेंडरचे दोन-तीन हलके झटके, बास. दूध शेवटी, आच मंद करून, त्यानंतर खळखळून उकळायचं नाही. क्रीम घातलं तर चालतं, मी घालत नाही, लोणी भरपूर असतं आणि इथलं लोणी म्हणजे काय सांगू, पिवळंधमक, गवतावर चरणाऱ्या गाईंचं. वरून बारीक चिरलेले चाईव्ह्ज. सोबत ब्राऊन सोडा ब्रेड, म्हणजे गव्हाचं जाडसर पीठ, खायचा सोडा, मीठ आणि ताक, यीस्ट नाही, मळणं नाही, वर सुरीनं क्रॉस मारला की ओव्हनमध्ये. त्यावर पुन्हा लोणी. हो, पुन्हा.

घरोघरी हे सूप जास्त होतं ते २६ डिसेंबरला, सेंट स्टीफन्स डेला. आदल्या दिवशी टर्कीबरोबर हॅम उकडलेलं असतं, त्याचं हाड आणि पाणी उरतं, त्या पाण्यात दुसऱ्या दिवशी बटाटे आणि लीक. कुकचा सल्ला असा की ते पाणी खारट असतं म्हणून आधी चाखायचं, निम्मं साधं पाणी घालायचं, आणि वरचं मीठ अगदी शेवटी. डिंगल नावाच्या गावात त्या दिवशी रेन बॉईज निघतात, गवताचे वेष, मुखवटे, ढोल-बासऱ्या, मिरवणूक, दिवसभर नाच. मी एकदाच गेलेय. बोटं गारठून गेली होती आणि पबमधून कुणीतरी वाडगा हातात दिला, चवीला काही खास नव्हतं, पण वाडगा गरम होता.

आता ज्या ओळीमुळे मी खरोखर लिहायला बसले ती. रेसिपीच्या वर चार ओळींची माहिती होती, त्यात म्हटलं होतं, "आयरिश लोक आळशीपणाने फक्त बटाटाच पिकवत, त्यामुळे तिथे दुष्काळ पडला." हे असं नाही हो लिहायचं. गरीब कुळांकडे जमिनीचा इतकासा तुकडा असायचा की त्यावर कुटुंबाचं वर्षभर पोट भरेल असं एकच पीक होतं. धडधाकट मजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक, कारण दुसरं काही नव्हतंच. लावायचे ते बहुतेक लंपर जातीचे, चवीला पाणचट पण हलक्या जमिनीतही भरमसाट येणारे. १८४५ मध्ये करपा आला, पिकाचा मोठा हिस्सा सडला, १८४६ मध्ये जवळजवळ सगळंच गेलं. आणि त्याच वर्षांत इथून धान्य, जनावरं आणि लोणी बाहेर जातच होतं. लोणी कुठून? आमच्या कॉर्कमधून! शॅन्डनच्या टेकडीवर बटर एक्स्चेंज होतं, त्या काळातली जगातली सर्वांत मोठी लोण्याची बाजारपेठ, आता तिथे म्युझियम आहे, माझ्या घरापासून चालत जाता येतं. १८४१ ची जनगणना ८१ लाख ७५ हजार, १८५१ ची साधारण ६५ लाख ५० हजार. सुमारे दहा लाख मेले, दहा लाखांहून जास्त जहाजात बसून गेले. आजही उत्तर-दक्षिण मिळून पूर्ण बेटाची लोकसंख्या १८४१ इतकी झालेली नाही. हा आळस?

आणि सूप हा शब्द इथे साधा नाही, हे मला फार उशिरा कळलं. नोकरीचा पहिलाच आठवडा, माझं इंग्रजी पुस्तकी, मी एका आजोबांच्या खोलीत गेले आणि विचारलं "डिड यू टेक द सूप?" म्हणजे मला म्हणायचं होतं सूप घेतलंत का. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसायला लागले, इतके की खोकला आला, आणि म्हणाले, पोरी, आमच्या घराण्यात कुणीही घेतलं नाही. मला काही कळेना. नंतर कुकनं सांगितलं. १८४७ मध्ये सरकारनं सूप किचन्स काढली, जुलैपर्यंत रोज तीस लाख माणसं तिथून जेवत होती, आणि सप्टेंबरपर्यंत ती बंदही करून टाकली. पण त्याखेरीज काही ठिकाणी धर्मप्रसारकांनी अट घातली, कॅथलिकपणा सोडा, आमच्या चर्चमध्ये या, मग सूप. सगळ्यांनी नाही हां, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी कुठलीही अट न घालता वाढलं आणि त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. पण ज्यांनी भुकेपोटी अट मान्य केली त्यांना "सूपर" हे नाव चिकटलं, आणि "टुक द सूप" म्हणजे पोटासाठी आपल्या माणसांना सोडून गेला. पावणेदोनशे वर्षं झाली तरी शिवी म्हणून जिवंत आहे. दोन आज्या भांडल्या की अजून निघते.

त्याच वर्षी लंडनच्या रिफॉर्म क्लबचा फ्रेंच शेफ अलेक्सिस सोयर डब्लिनला आला आणि त्यानं आदर्श सूप किचन उभारलं. शंभर माणसं एका वेळी आत, घंटा वाजली की बाहेर, वाडग्यांना चमचे साखळीनं बांधलेले. त्याची एक रेसिपी आहे, नऊ लिटर पाण्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम मांस, थोडी चरबी, दोन कांदे, पीठ आणि बार्ली. तेव्हाच डॉक्टरांनी ओरड केली होती की यात पोषण कुठे आहे. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच येतं, त्यात बटाटा नव्हता. असणार कुठून, तो तर शेतात सडला होता. घट्टपणा आणायला पीठ घातलं होतं, कारण नाइलाज होता. तुम्हाला तर नाइलाज नाहीये ना.

त्यामुळे माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत छोटी दुरुस्ती छापा. आळशीपणाची ओळ काढा. कॉर्नफ्लोअर काढा. "दहा मिनिटांत" काढा, पाऊण तास लागतो, लागू दे. चीज ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल घाला, त्यावर मी वाद घालणार नाही, पण मग त्याला चीज सूप म्हणा.

आमच्याकडे ६ जानेवारीला नोलग ना मॉन असतो, बायकांचा ख्रिसमस, कॉर्क आणि केरीकडे तो जुना रिवाज. त्या दिवशी बायकांनी घरात काडी उचलायची नाही, स्वयंपाक पुरुषांनी करायचा. यंदा नवऱ्यानं हे सूप केलं, तुमच्या पुरवणीची रेसिपी त्याला कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवली होती आणि तो मोबाईल समोर ठेवून कॉर्नफ्लोअर शोधत होता. मी सोफ्यावरून ओरडून सांगितलं, खालच्या कप्प्यात बघू नकोस, नाहीये.

आपली वाचक,
कॉर्क, आयर्लंड

ता.क. उरलेलं सूप फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं पण दगडासारखं घट्ट होतं, गरम करताना पाणी घाला आणि मीठ पुन्हा चाखा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बटाटा रवाळ होतो. अगदी ठेवायचंच असेल तर दूध घालायच्या आधी काढून ठेवा.